सळईवरचा ‘डी’ आणि मजबूत धातूचा पेच

पुनर्विकासाची चर्चा सुरू नाही अशी जुनी गृहनिर्माण सोसायटी मुंबईत सध्या शोधावी लागेल. विकासकाच्या प्रस्तावात कार्पेट एरिया, कॉर्पस फंड आणि पर्यायी जागेचे भाडे यांच्या खाली कुठेतरी एक ओळ असते: ‘एफई ५०० डी किंवा एफई ५५० डी दर्जाचे टीएमटी स्टील’. टीएमटी म्हणजे काँक्रीटमध्ये घालायची, गरम लाटताच पाण्याने झटपट थंड केलेली पोलादी सळई. सभेत त्या ओळीवर कोणी फारसे बोलत नाही, आणि कोणी बोललेच तर प्रश्न ठरलेला असतो. ५५० हा आकडा मोठा आहे, मग ५०० कशाला घ्यायचे आणि त्यापुढचा ‘डी’ कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधू गेल्यास आपण धातुशास्त्रातल्या एका जुन्या पेचापाशी येतो, ज्यावर जगभरातल्या प्रयोगशाळा आजही झटत आहेत. धातू जसजसा मजबूत करावा तसतसा तो कमी ताणला जाऊ लागतो आणि फारशी पूर्वसूचना न देता तुटतो. मजबुती आणि ताणले जाण्याची क्षमता या दोन्ही गोष्टी एकाच तुकड्यात वाढवता येतात का, हे समजून घ्यायला सळईपासूनच सुरुवात करणे सोयीचे आहे.

दोन आकडे, दोन वेगळे गुण

‘एफई’ ही लोखंडाची रासायनिक खूण आहे. ५०० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किमान ५०० न्यूटन इतका ताण आल्याशिवाय ही सळई कायमची लांबू लागणार नाही. त्याआधी ती किंचित ताणली जाते, पण भार काढला की मूळ लांबीवर परत येते. या मर्यादेला यील्ड ताण म्हणतात. १२ मिलिमीटर व्यासाच्या सळईचा छेद सुमारे ११३ चौरस मिलिमीटर भरतो, त्यामुळे ती जवळपास पावणेसहा टन भार कायमची न लांबता पेलते.

दुसरा गुण म्हणजे तन्यता. ही मर्यादा ओलांडल्यानंतर तुटेपर्यंत सळई किती लांबते, हे तन्यता सांगते. चाचणी प्रयोगशाळेत सळईचा तुकडा यंत्राच्या वरच्या आणि खालच्या जबड्यांत पकडतात. १२ मिलिमीटरच्या सळईवर साधारण ६० मिलिमीटर अंतराने दोन खुणा आधीच ठोकलेल्या असतात. यंत्र ओढू लागते, आकडा चढत जातो, आणि बराच वेळ नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग पृष्ठभागावरची काळसर पापडी सुटून खाली भुरभुरू लागते. पोलाद कायमचे लांबू लागलेले असते आणि वरच्या ठिसूळ ऑक्साइडला त्याच्याबरोबर लांबता येत नाही. पुढे सळई सगळ्या लांबीत सारखी बारीक होत जाते, मग एकाच ठिकाणी तिची कंबर आवळली जाते, आणि तिथेच ती मोठा आवाज करून तुटते. दोन्ही तुकडे जुळवून खुणांमधले अंतर पुन्हा मोजतात. ६० चे ६९.६ मिलिमीटर झाले असतील, तर वाढ १६ टक्के झाली.

आयएस १७८६ या भारतीय मानकाप्रमाणे एफई ५०० साठी ही वाढ किमान १२ टक्के लागते आणि एफई ५०० डी साठी १६ टक्के. एफई ५५० ला १० टक्के पुरतात, तर एफई ५५० डी ला १४.५ टक्के हवेत. ‘डी’ हे अक्षर आकड्यातली मजबुती तीच ठेवून जास्त तन्यता मागते. त्यासाठी पोलादातल्या कार्बनची कमाल मर्यादा ०.३० टक्क्यांवरून ०.२५ टक्क्यांवर आणलेली आहे आणि गंधक व फॉस्फरस यांवरही अधिक कडक बंधन आहे. साध्या ५५० आणि ५०० डी यांची तुलना केली, तर पहिली सळई भार जास्त पेलते आणि दुसरी तुटण्यापूर्वी बरीच जास्त लांबते.

इमारत वाकूच नये, मग सळई लांबण्याची गरज काय?

रोजच्या वापरात सळई कायमची लांबण्याची वेळ येत नाही, हे खरे आहे. गणित बदलते ते भूकंपात. भूकंपरोधक बांधणीच्या आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत मुंबई झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम जोखमीच्या पट्ट्यात आहे. तीव्र भूकंपातही एकही सळई यील्ड होणार नाही अशी इमारत बांधायची म्हटली, तर कॉलम इतके जाड होतील की राहायला जागा उरणार नाही आणि खर्चही परवडणार नाही. म्हणून मानक वेगळी वाट घेते. भूकंपाने येऊ शकणारे बल एका गुणकाने भागून कमी धरले जाते. साध्या आरसीसी सांगाड्यासाठी तो गुणक ३ आहे आणि तन्यतेचे सर्व नियम पाळून बांधलेल्या सांगाड्यासाठी ५. उरलेली ऊर्जा बीमच्या टोकांजवळच्या सळया लांबून, वाकून, पुन्हा उलट वाकून जिरवतील, असे गृहीत धरलेले असते.

याचा अर्थ, तन्यता ही चांगल्या सळईला वरून मिळालेली शोभा नव्हे. आरसीसी कन्सल्टंटने बल पाचाने भागले त्याच क्षणी त्याने ती उधारीवर वापरलेली असते, आणि ती सळईत नसेल तर हिशेबच चुकतो. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमध्ये बहुमजली आरसीसी इमारती कोसळल्या. तिथल्या दोषांत खालच्या मजल्यावर पार्किंगसाठी भिंती नसणे आणि कॉलममधल्या रिंगा (उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळया) विरळ व नीट न वळवलेल्या असणे ही मोठी कारणे होती. केवळ सळईच्या दर्जाने इमारत वाचत नाही, हेही त्यातून दिसले. पण रिंगेचे टोक १३५ अंशांत आत वळवायचे असेल, तर वळवताना तडकणार नाही अशी सळई आधी हवी.

धातू लांबतो तेव्हा आत काय सरकते?

घन धातूत अणू ओळीने, थरावर थर असे रचलेले असतात. धातू कायमचा लांबतो तेव्हा हे थर एकमेकांवरून सरकतात. १९२६ मध्ये याकोव्ह फ्रेंकेल या रशियन शास्त्रज्ञाने एक अख्खा थर एकदम सरकवायला किती बल लागेल याचा हिशेब मांडला, आणि उत्तर प्रत्यक्षातल्या मऊ धातूंच्या हजारो पट आले. म्हणजे थर एकदम सरकत नसावेत. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे सुचवले की अणूंच्या रचनेत एखादी ओळ मध्येच संपलेली असते. या रेषादोषाला डिसलोकेशन म्हणतात, आणि सरकण्याचे काम हा दोष पुढे पुढे नेतो.

सभागृहात अंथरलेले मोठे जाजम हातभर पुढे घ्यायचे असेल, तर टोक धरून ओढून ते हलत नाही. मागच्या बाजूला एक वळी उठवून ती ढकलत पुढे नेली, की जाजम जागेवरून सरकते, आणि एका वेळी जमिनीवरून सुटलेला भाग वळीएवढाच असतो. रेषादोष म्हणजे ही वळी. तो धातूतून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला, की वरचा थर एका अणूच्या अंतराने सरकलेला असतो. १९५६ मध्ये केंब्रिजमध्ये हिर्श, हॉर्न आणि व्हेलन यांनी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात हे दोष इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष हलताना पाहिले, तेव्हा बावीस वर्षे कागदावर असलेली कल्पना डोळ्यांना दिसली.

मजबूत करायचे म्हणजे वाट अडवायची

एवढे समजले की मजबुतीचे रहस्य फारसे उरत नाही. वळीच्या वाटेत अडथळे ठेवले की जाजम सरकवायला जोर लागतो. लोखंडात कार्बन किंवा मॅंगनीजचे अणू मिसळणे, आत सूक्ष्म कठीण कण तयार करणे, किंवा थंड स्थितीत पिळून, ठोकून रेषादोषांचीच इतकी गर्दी करणे की ते एकमेकांत अडकतील, हे सगळे अडथळ्यांचेच प्रकार आहेत.

शेवटचा प्रकार मुंबईच्या जुन्या इमारतींत हमखास सापडतो. टीएमटीच्या आधी आपल्याकडे ‘टॉर’ म्हणून ओळखली जाणारी सळई वापरात होती. ती थंड अवस्थेत पिळलेली असे, त्यामुळे तिच्यावरच्या उभ्या कडा मळसूत्रासारख्या फिरत जाताना दिसतात. इमारत पाडताना निघालेल्या सळयांत ही खूण सहज ओळखता येते. पिळल्याने यील्ड ताण वाढला, पण लांबण्याची क्षमता पिळण्यातच बरीच खर्ची पडली.

आणखी एक अडथळा म्हणजे कणांच्या सीमा. धातूचा तुकडा असंख्य छोट्या स्फटिककणांचा बनलेला असतो आणि प्रत्येक कणात अणूंच्या ओळींची दिशा वेगळी असते, म्हणून रेषादोष सीमेपाशी अडतो. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि पेच यांनी १९५३ मध्ये याचे गणित मांडले. कणांचा व्यास एक चतुर्थांश केला, तर सीमांमुळे मिळणारी मजबुती दुप्पट होते. स्वाभाविकच कण बारीक, आणखी बारीक करत नेण्याची स्पर्धा लागली, आणि मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाहून लहान कणांचे धातू तयार झाले. मजबुती खरोखरच कित्येक पट वाढली. ओढून पाहिल्यावर मात्र असे अनेक धातू जेमतेम एक-दोन टक्के एकसारखे लांबत आणि मग त्यांची कंबर आवळली जाई.

कंबर केव्हा आवळते?

या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट ही आहे. ताणलेल्या सळईत कुठेतरी योगायोगाने छेद किंचित कमी होतो, आणि त्या जागी ताण वाढतो. पण तिथला धातू लांबता लांबता अधिक कठीणही होत असतो. हे कठीण होणे पुरेसे वेगाने झाले, तर ती जागा सावरते, लांबण्याचे काम शेजारच्या भागाकडे जाते आणि सगळी सळई सारखी लांबते. वेग कमी पडला, की सगळे लांबणे त्याच जागी एकवटते. फ्रेंच अभियंता कॉन्सिदेर याने १८८५ मध्ये ही अट नेमकी सांगितली: कठीण होण्याचा वेग त्या क्षणीच्या ताणाइतका खाली आला, की कंबर आवळायला सुरुवात होते.

मजबूत धातूची अडचण यातच आहे. त्याच्यातला ताण मुळातच जास्त असतो, म्हणून त्याला कठीण होण्याचा वेगही जास्त लागतो. पण मजबूत करताना आपण अडथळे आधीच खचाखच भरलेले असतात, आणि अतिसूक्ष्म कणांत तर रेषादोषांना साचायला जागाच नसते. एका सीमेवरून निघालेला दोष समोरच्या सीमेवर जाऊन नाहीसा होतो. धातू मजबूत राहतो, पण आणखी कठीण होत नाही. त्यामुळे ‘मजबुती आणि तन्यता यांत एकच निवडा’ हा निसर्गाचा अटळ नियम आहे असे म्हणणे बरोबर नाही. प्रश्न एवढाच आहे की धातू ताणला जात असताना नवे अडथळे त्याच्यात उभे राहतील, अशी सोय करता येते का.

मॅंगनीज पोलादाचे उदाहरण

अशी सोय असलेला एक धातू मुंबईकरांच्या पायाखाली रोज असतो. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये सुमारे १२ टक्के मॅंगनीज आणि १ टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असलेले पोलाद तयार केले. चार-पाच टक्के मॅंगनीज घातले की पोलाद कमालीचे ठिसूळ होते, त्यामुळे त्यापुढे जाण्याचा विचार कोणी करत नव्हते. हॅडफील्ड गेले, आणि मिळालेले पोलाद चिवट निघाले. शिवाय ते ठोकले की पृष्ठभागावर अधिकाधिक कठीण होत जाते. ताणाखाली त्याच्या स्फटिकातले काही पातळ थर मूळ रचनेच्या आरशातल्या प्रतिमेत बदलतात. या जुळ्या थरांच्या सीमा रेषादोषांना नव्याने अडवतात. रेल्वेच्या जंक्शनांवर एक रूळ दुसऱ्याला छेदतो तिथे चाकांचे धक्के सतत बसतात, आणि त्या क्रॉसिंगसाठी हेच ओतीव पोलाद वापरतात. आधुनिक मोटारींसाठीची ‘ट्विप’ पोलादे याच तत्त्वावर बेतलेली आहेत.

साध्या रुळाचे पोलाद वेगळे असते. झीज सोसावी म्हणून त्यात कार्बन भरपूर असतो, आणि त्याची किंमत कमी तन्यतेच्या रूपाने मोजावी लागते. हिवाळ्यातल्या पहाटे रुळाला तडा गेल्याने लोकल उशिरा धावत असल्याची बातमी येते, त्यामागे थंडीने आकसू पाहणाऱ्या अखंड जोडलेल्या रुळातला ताण आणि आधीच असलेली एखादी बारीक भेग असते.

नवे प्रयोग: सगळीकडे सारखे करू नका

२००२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी तांबे द्रव नायट्रोजनच्या तापमानाला लाटून त्याचे कण अतिसूक्ष्म केले आणि मग थोडा वेळ तापवले. काही कण वाढून मोठे झाले, बाकीचे बारीकच राहिले. बारीक कणांनी मजबुती टिकवली, मोठ्या कणांनी रेषादोषांना साचायला जागा दिली, आणि साध्या तांब्याच्या कित्येक पट मजबूत असलेले हे तांबे तुटेपर्यंत ६५ टक्के लांबले. दोन वर्षांनी चीनमधील शेनयांगच्या संशोधकांनी जुळ्या सीमांनी खच्चून भरलेले तांबे बनवले. त्याची मजबुती साध्या तांब्याच्या सुमारे दहापट होती आणि वीजवहन मात्र जवळजवळ शुद्ध तांब्याइतकेच राहिले. एरवी मजबुतीसाठी केलेली भेसळ वीजवहनाला मारक ठरते.

त्याच वर्षी, २००४ मध्ये, ब्रायन कँटर आणि तैवानचे ज्यन-वेइ ये यांनी वेगवेगळ्या ठिकाणी पाच किंवा अधिक धातू साधारण सारख्या प्रमाणात मिसळलेल्या मिश्रधातूंची ओळख करून दिली. क्रोमियम, मॅंगनीज, लोह, कोबाल्ट आणि निकेल यांचा असा मिश्रधातू उणे १९६ अंशांना नेल्यास त्याची मजबुती आणि तन्यता दोन्ही वाढतात, हे २०१४ मध्ये दाखवले गेले. बहुतेक पोलादे अशा थंडीत ठिसूळ होतात. इथे थंडीत जुळे थर तयार होणे सोपे होते, म्हणजे हॅडफील्डच्या पोलादातलीच युक्ती निराळ्या घरात कामी आली.

आता पुन्हा टीएमटी सळईकडे वळू. तापलेली लाल सळई रोलिंग मिलच्या शेवटच्या रोलरांतून बाहेर पडताच पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांतून जाते. बाहेरचा थर क्षणात थंड होऊन अतिशय कठीण होतो, गाभा तापलेलाच राहतो, आणि त्याची उष्णता बाहेर येताना त्या कठीण थराचा ठिसूळपणा कमी करते. बेल्जियममध्ये १९७० च्या दशकात ही पद्धत विकसित झाली. सळईचा आडवा छेद घासून गुळगुळीत केला आणि त्यावर अल्कोहोलमध्ये मिसळलेले थोडे नायट्रिक आम्ल फिरवले, तर कडेने एक गडद कडे आणि आत फिकट गाभा स्पष्ट दिसतो. कडे सगळीकडून अखंड आणि सारख्या जाडीचे असावे. ते तुटक असेल तर पाणी नीट लागलेले नाही. कठीण आणि मऊ भाग एकाच तुकड्यात जाणीवपूर्वक बसवणे, ही आजच्या संशोधनातली कल्पना कळंबोलीच्या लोखंड बाजारातून ट्रकने साइटवर येणाऱ्या साध्या सळईत अशी आधीपासून आहे. याची दखल फारशी कोणी घेत नाही.

मग हे नवे धातू बाजारात का दिसत नाहीत?

काही दिसतात. मोटारीच्या दारांमधल्या खांबासाठी सुमारे १५०० मेगापास्कलचे (एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरला एक न्यूटन), जेमतेम पाच-सहा टक्के लांबणारे पोलाद वापरतात, कारण तो खांब आत येताच कामा नये. पुढच्या भागात मात्र चुरगळून ऊर्जा जिरवणारे, मऊ आणि कठीण भाग मिसळलेले पोलाद असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत एनकॅप ही धडक चाचणी सुरू झाल्यापासून या निवडीला आपल्याकडेही व्यावसायिक महत्त्व आले आहे. पण जुळ्या सीमांचे तांबे पातळ पापुद्र्यांत बनवणे एक, आणि बारा मीटरच्या सळया हजारो टन बनवणे दुसरे. कोबाल्ट महाग आहे. अतिसूक्ष्म कण तर उष्णतेने पुन्हा वाढतात, त्यामुळे वेल्डिंग केले की मिळवलेले गमावते. बांधकामात उपयोगी पडेल ते बहुधा लोखंड, मॅंगनीज आणि कार्बन यांच्याच रचनेतल्या बदलांतून येईल, असे मला वाटते.

जास्त मजबूत सळईने स्लॅब कमी लवतो का?

नाही. भाराखाली स्लॅब किती लवेल हे पोलादाच्या ताठरतेवर ठरते, आणि ताठरता अणूंमधल्या बंधांतून येते, अडथळ्यांतून नव्हे. एफई ४१५ असो वा ५५०, तो आकडा दर चौरस मिलिमीटरला सुमारे दोन लाख न्यूटनच राहतो. उलट ५५० आहे म्हणून सळई कमी घातली, तर स्लॅब जास्त लवतो आणि भेगाही जास्त रुंदावतात.

समुद्राकाठच्या शहरात आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. खाऱ्या हवेतले क्लोराइड सळईला सगळीकडून सारखे खात नाही, जागोजागी खड्डे पाडते. ओढली गेल्यावर सगळे लांबणे त्या खड्ड्यांत एकवटते, म्हणून गंजलेल्या सळईची तन्यता मजबुतीपेक्षा लवकर घटते. वरळी किंवा वर्सोव्याला कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, पुरेसा आहे की नाही हे पाहणे ५०० की ५५० या वादापेक्षा अधिक फायद्याचे आहे.

प्रमाणपत्र कसे वाचावे?

साइटवर येणाऱ्या प्रत्येक खेपेबरोबर मिलचे चाचणी प्रमाणपत्र असते, आणि सोसायटीने नेमलेला सल्लागार त्याच खेपेतले नमुने स्वतंत्र प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्यात यील्ड ताण आणि टक्केवारीतली वाढ यांखेरीज तिसरा आकडा पाहावा: कमाल ताण भागिले यील्ड ताण. सळई यील्ड झाल्यावरही किती कठीण होत जाते, हे त्यातून कळते. तन्य बांधणीच्या आयएस १३९२० या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत हा भागाकार किमान १.१५ हवा असे म्हटले आहे. त्याच मानकात एक अट अशीही आहे की प्रत्यक्ष यील्ड ताण ठरलेल्या आकड्याच्या २० टक्क्यांहून जास्त वर जाता कामा नये, कारण बीममधली सळई अपेक्षेपेक्षा मजबूत निघाली, तर भूकंपात बीमऐवजी कॉलम आधी मोडू शकतो. एफई ५०० डी च्या अहवालात यील्ड ताण ६३० मेगापास्कल आला असेल आणि पुरवठादार तो अभिमानाने दाखवत असेल, तर या अटीप्रमाणे ती खेप नापास आहे.